उजवं चाक का तापत होतं: बोटीच्या ट्रेलरच्या ब्रेकच्या नोंदी

२५ मे

हंगामाचा शेवटचा दिवस. उद्यापासून ३१ ऑगस्टपर्यंत पाण्यावरचे खेळ बंद, म्हणून बोट आजच वर काढली. पावसाळाभर ती कुंभारमाठच्या सड्यावर मामांच्या मांगरात, म्हणजे शेतावरच्या कौलारू शेडमध्ये, असते. देवबागेत ठेवायची सोय नाही. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, आणि जून-जुलैच्या वाऱ्यात ताडपत्रीसुद्धा टिकत नाही.

खाडीच्या उतारावर बोट ट्रेलरवर चढवली तेव्हा काहीच जाणवलं नाही. तारकर्ली मागे पडली आणि बोलेरो जड जायला लागली. एरवी तिसऱ्यावर सहज निघते तिथे दुसरा टाकावा लागला. भाऊ मागून बाइकवर येत होता, त्यानं हॉर्न वाजवून थांबवलं. पुढच्या उजव्या चाकातून धूर येत होता, आणि जळक्या लायनरचा घशात बसणारा वास.

इंजिनाच्या कामासाठी घेतलेली टेंपरेचर गन गाडीत होती. चारही हबवर, म्हणजे चाकांच्या मधल्या गाभ्यावर, धरून आकडे वहीत उतरवले: पुढचं उजवं १७८ अंश, पुढचं डावं ४१, मागची दोन्ही ४० आणि ४१. भाऊ पाण्याची बाटली घेऊन धावला, त्याला थांबवलं. तापलेल्या ओतीव ड्रमवर गार पाणी पडलं तर ड्रमला तडा जाऊ शकतो. शिवाय हब एकदम गार झाला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेनं पाणी आत खेचलं जातं.

माडाखाली तासभर थांबलो. तेवढ्यात चाक आपोआप थोडं सैल झालं. हे लिहून ठेवतोय, पुढे कामाला येईल. तिथून थांबत थांबत सड्यावर पोचेपर्यंत काळोख झाला.

२७ मे

बोट ओंडक्यांवर आणि जुन्या टायरांवर उतरवली, ट्रेलर मोकळा केला.

ज्यांनी असा ट्रेलर हाताळलेला नाही त्यांच्यासाठी आधी त्याची रचना. हा परदेशी बनावटीचा, गोव्यातून वापरलेला घेतला. दोन एक्सल, चार चाकं, प्रत्येक एक्सलची क्षमता ३५०० पौंड, म्हणजे १५८८ किलो. बोट, दोन इंजिनं आणि ट्रेलर मिळून वजन साधारण दोन टन. ब्रेक फक्त पुढच्या एक्सलला, १० इंची ड्रम. कमानपाटे नाहीत, रबराचे टॉर्शन एक्सल आहेत. त्यामुळे प्रत्येक चाक आपल्या दांड्यावर वरखाली होतं आणि प्रत्येक ब्रेकला चेसिसपासून स्वतःचा वेगळा रबरी होस पाइप आहे.

गाडी आणि ट्रेलर यांच्यात ब्रेकची नळी नाही, वायर नाही. ट्रेलरच्या तोंडाशी जे कपलिंग आहे ते एका चौकोनी नळकांड्यात पुढेमागे सरकतं. गाडीनं वेग कमी केला की मागचा भार पुढे रेटतो, कपलिंग आत दबतं, त्याच्या मागची दांडी मास्टर सिलिंडरचा पिस्टन ढकलते आणि ब्रेक ऑइलचा दाब चाकांतल्या व्हील सिलिंडरपर्यंत पोचतो. त्याचे पिस्टन शू, म्हणजे लायनर लावलेल्या कमानी, ड्रमवर दाबतात. भार जितका रेटेल तितका ब्रेक लागतो. गाडी पुन्हा ओढायला लागली की कपलिंग बाहेर येतं, दाब उतरतो आणि ड्रममधल्या स्प्रिंगा शू मागे घेतात. ड्रायव्हरला काही करावं लागत नाही. मला ही रचना मनापासून आवडते. म्हणूनच ब्रेक काढून टाक, आपल्याकडे कोण विचारतो, असा सल्ला मिळाला तेव्हा तो मी ऐकला नाही. कुंभारमाठच्या उतारावर मागून दोन टन रेटत असतात. ते बोलेरोच्या एकट्या ब्रेकवर सोडायचे नाहीत.

ब्रेक सोडत नाही याची कारणं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे तपासायची ठरवलं. कपलिंग हातानं ओढून पाहिलं: पूर्ण बाहेर येतं, जरा करकरतं. ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणारी जी तार असते ती कुठे अडकून ओढली गेलेली नाही. रिव्हर्स घेताना कपलिंग दबू नये म्हणून लावायची पिनसुद्धा जागेवर, खिशात. मग जॅक लावला. डावं चाक एका बोटानं फिरतं. उजवं दोन हातांनीसुद्धा हलत नाही.

आता खरी परीक्षा निपलची, म्हणजे तेलातली हवा काढायच्या तोटीची. व्हील सिलिंडरचा निपल सैल केल्यावर तेलाची पिचकारी उडून चाक सुटलं, तर दाब आत कोंडलेला आहे. नाही सुटलं, तर अडचण ड्रमच्या आत, लोखंडात. एवढा सरळ निवाडा दुसऱ्या कुठल्या तपासणीत मिळत नाही. पण निपल गंजून एकजीव झालेला. गंज सुटायचा स्प्रे रात्रभर मारून ठेवला होता, सकाळी शेगडीनं ऊब दिली, सहा कोनी रिंग पाना लावून हळूहळू जोर दिला. पाना मऊ फिरल्यासारखा वाटला आणि निपल मानेतून तुटून हातात आला.

चाकावरचा निवाडा तिथेच हुकला. ड्रम ठोकून ठोकून काढला.

३ जून

उजवा व्हील सिलिंडर बाहेर. पिस्टनवर तपकिरी पापुद्रे, बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भोकात, डाळीएवढे खड्डे. रबराची टोपी फाटलेली, तिच्याआड ओल्या गंजाचा चिखल. हे पाहून कुणीही म्हणेल की कारण सापडलं, आणि मीही तेच म्हटलं. पिस्टन अडकला, शू मागे आले नाहीत, चाक तापलं.

नवा सिलिंडर परदेशातून मागवण्यात महिने जातील. कुडाळला लेथवाल्या काकांकडे दिला. बोअर मोठं करून आत स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह ठोकायची आणि मूळ मापाला, सात अष्टमांश इंचाला, आणायची. पिस्टनपुढे तेल अडवणारे रबर कप त्या मापाचे इथे मिळतात. तुटलेला निपल काढून आटेही साफ करून मागितले.

आज पहिला मोठा पाऊस. मांगराच्या कौलातून तीन ठिकाणी गळतंय, त्यातलं एक ट्रेलरच्या बरोबर डोक्यावर.

१९ जून

स्लीव्ह बसवून सिलिंडर आला. काम फार सुबक. कप, पिस्टन, टोप्या नव्या, नवा निपल त्याच्या आट्यांना ग्रीस लावून. नळ्यांतली हवा तात्पुरती काढली, कपलिंग पहारीनं रेटून चार वेळा ब्रेक लावला. उजवं चाक पुन्हा जाम.

भाचा पहार धरून उभा होता, तो काही बोलला नाही. मीही नाही. सोळा दिवस आणि लेथचे पैसे गेले आणि जिथे होतो तिथेच राहिलो. संध्याकाळी मालवणात गॅरेजवाल्या मेस्त्रींना सांगितलं. त्यांचं वय आता सत्तरीच्या पुढे, पण अजून रोज गॅरेजात येतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “सिलिंडर बदललंस, बरां केलंस. पण तेलाक परत जावक वाट आसा काय, ता बघितलंस?”

२१ जून

नाही बघितली होती. आज बघितली.

आता निपल नवा आहे, म्हणजे राहिलेली परीक्षा करता येते. चाक जाम करून घेतलं आणि निपल पाव आटा सैल केला. तेल जोरात उडालं आणि चाक त्याच क्षणी मोकळं झालं. म्हणजे दाब आतच कोंडलेला. लोखंडाचा दोष नाही, शूंचा नाही, स्प्रिंगांचाही नाही.

पुन्हा जाम केलं. या वेळी निपलला हात न लावता मागे सरकलो. मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी नट सैल केला: दोन थेंब आले, चाक तसंच जाम. म्हणजे मास्टर सिलिंडर दाब धरून ठेवत नाहीये. चेसिसवर लोखंडी पाइप होसला मिळतो तिथला नट सैल केला: काही नाही, चाक जाम. मग होसचं चाकाकडचं टोक सैल केलं: पिचकारी आणि चाक मोकळं. दोन नटांच्या मध्ये फक्त एक हातभर रबरी पाइप.

इथे एक खबरदारी. ड्रमच्या ब्रेकमध्ये मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी एक लहान व्हॉल्व्ह असतो, तो १० पीएसआयच्या आसपास दाब मुद्दाम राखून ठेवतो, म्हणजे कप सिलिंडरच्या भिंतीला चिकटून राहतात आणि हवा आत येत नाही. त्यामुळे नट सैल केल्यावर थोडं तेल येणं हा दोष नाही. थेंब आणि पिचकारी यांतला फरक ओळखायचा.

होस काढला. बाहेरून चांगला दिसतो, भेग नाही, फुगवटा नाही. पोटाशी जिथे तो चेसिसला धरून ठेवायला पत्र्याची पकड दाबून बसवली आहे तिथे मात्र पकडीच्या आतून गंज फुगलेला. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतं. त्यानं पकड आतल्या बाजूला दाबली होती आणि होस चिमटीत धरल्यासारखा झाला होता. भाच्याच्या हातात एक टोक देऊन दुसऱ्या टोकानं तोंडानं फुंकलं: गाल दुखेपर्यंत जोर लावला तेव्हा जेमतेम हवा गेली. टोकं उलटी करून फुंकलं: काहीच नाही.

सुरीनं होस उभा चिरला. पकडीखाली आतलं रबर काळं, मऊ, बोटाला शाई लागावी तसं लागणारं, आणि त्यातून एक जिभेसारखा तुकडा सुटून आत लोंबत होता. मास्टर सिलिंडरकडून दाब आला की जीभ बाजूला होते, तेल पुढे जातं. परत यायला दाब कुठला, फक्त स्प्रिंगांचं बळ. तेवढ्यानं जीभ उलटी पडते आणि वाट बंद. तारकर्लीच्या माडाखाली तासाभरानं चाक आपोआप सैल का झालं, याचंही उत्तर यातच आहे. जिभेच्या कडेनं तेल झिरपत झिरपत परत गेलं.

रबर असं मऊ पडलं की पहिला संशय तेलावर येतो. ब्रेकमध्ये कुणी इंजिन ऑइल किंवा ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक ऑइल घातलं तर ब्रेकची रबरं फुगतात आणि मग मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंत सगळी बदलावी लागतात. परीक्षा सोपी आहे. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात ट्रेलरमधलं तेल चमचाभर टाकलं. ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं, इंजिन ऑइल वर तरंगतं. पूर्ण विरघळलं, वर तवंग नाही. सुटलो. दोष वयाचा आणि गंजाचा.

पण पेल्यात टाकण्याआधी त्या तेलाचा रंग पाहिला तो चिंचेच्या कोळासारखा. थोडं बाटलीत भरून मेस्त्रींना नेऊन दाखवलं. त्यांनी बाटली उजेडात धरली. “ह्यां तेल नाय रे, पाणी झालां ह्येचां.”

६ जुलै

दोन्ही बाजूंचे होस नवे. कोल्हापूरला माप पाठवून करून घेतले, पकडी या वेळी स्टेनलेसच्या. उजवं चाक आता लागतं आणि सुटतं. दहा वेळा करून पाहिलं, दहाही वेळा सुटलं.

मग भाच्याला डाव्या चाकाकडे उभं केलं. मी पहार रेटली. “लागला?” “नाही.” अजून रेटली. “आता?” “मामा, फिरतंय.”

डावा ड्रम उघडला. पिस्टन सिलिंडरमध्ये गंजानं पक्का बसलेला, किती वर्षांचा कोण जाणे. एका शूचं चिकटवलेलं लायनर पत्र्यापासून सुटून तळाशी पडलेलं, गंजानं खालून उचललेलं. स्प्रिंगेच्या एका आकड्याचा भुगा झालाय. हा ब्रेक लागतच नव्हता, म्हणून ते चाक एका बोटानं फिरत होतं, आणि २७ मेला मी त्याला धडधाकट समजून पुढे गेलो होतो.

२५ मेची नोंद काढून पुन्हा वाचली. पुढचं डावं ४१, मागची ४० आणि ४१. मागच्या चाकांना ब्रेकच नाहीत. ब्रेक असलेलं चाक ब्रेक नसलेल्या चाकांइतकंच गार होतं, आणि मी फक्त १७८ च्या आकड्याकडे पाहत राहिलो. दोन टनांचा सगळा भार इतके दिवस एकटं उजवं चाक थांबवत होतं. त्याच्यावर दुप्पट काम पडलं, ते मुळातच जास्त तापत होतं, आणि त्यात होसनं परतीची वाट बंद केली.

यापुढे कुणाचाही ट्रेलर तपासायला गेलो तर तापलेल्या चाकाआधी गार चाक उघडणार.

डावा सिलिंडरही स्लीव्ह बसवायला कुडाळला. चारही शूंना नवीन लायनर, दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा नव्या.

१२ जुलै

लोखंडी पाइप. जिथे जिथे क्लिपा आहेत तिथे तिथे खाली खारं पाणी साचून पाइप कुरतडला गेलाय. नखानं खरवडलं तर पापुद्रा निघतो. हे राहू देणं शक्य नाही.

मालवणात फ्रिज-एसीचं काम करणारा मित्र लगेच म्हणाला, माझ्याकडची तांब्याची नळी घे, गंजायचा प्रश्न नाही. नाही घेतली. साधं तांबं गाडीच्या हादऱ्यांनी कडक होत जातं आणि जोडापाशी चिरतं. शिवाय त्याच्याकडच्या अवजारानं एकेरी फ्लेअर होतो आणि ब्रेकच्या दाबाला दुहेरी फ्लेअर लागतो, म्हणजे नळीचं तोंड आत दुमडून मग पसरायचं. यासाठी कॉपर-निकेलची नळी असते, ९० टक्के तांबं आणि १० टक्के निकेल, खाऱ्या पाण्याला टिकणारी आणि हातानं वळणारी. ती आणायला फोंडा घाटानं एसटीनं कोल्हापूरला गेलो, शिवाजी उद्यमनगरात. घाटात धुकं इतकं की ड्रायव्हरनं निम्मा रस्ता हॉर्नवर काढला.

तिथे दुकानदारानं एक गोष्ट वेळेवर लक्षात आणून दिली. आमच्या ट्रेलरचे नट इंची आहेत, ३/८ इंच व्यास आणि इंचाला २४ आटे. इथल्या गाड्यांचे नट बहुतेक १० मिमीचे, १ मिमी पिचचे. हातात धरले तर जुळे वाटतात. दहा मिमीचा नट इंची भोकात अर्धा आटा जातोसुद्धा, आणि नंतर पान्यानं रेटला की पितळी जोडातले आटे कापून टाकतो. मी तेच नट घेऊन निघालो होतो. जुने इंची नट धुऊन, त्यांचे आटे साफ करून तेच वापरले, दोन तेवढे लेथवर नवे करून घेतले.

नळी चेसिसला धरायच्या क्लिपांखाली रबराच्या पट्ट्या घातल्या, आणि दर क्लिपेच्या खालच्या बाजूला पाणी निघून जायला फट ठेवली.

२६ जुलै

मास्टर सिलिंडर. टाकीच्या तळाशी दोन भोकं असतात, एक मोठं आणि एक सुईच्या टोकाएवढं. पिस्टन पूर्ण मागे आला की बारीक भोक उघडं पडतं आणि चाकांकडून परत आलेलं जास्तीचं तेल त्यातून टाकीत येतं. ते बुजलं तर दोन्ही चाकं एकदम जाम होतात. आमचं उघडं होतं, पण कडेला तपकिरी गाळ जमलेला. वायरीतली तांब्याची एक तार सुटी करून तिनं मोकळं केलं. सुई किंवा ड्रिल घालायचं नाही, भोक मोठं झालं की कप त्यावरून जाताना कापला जातो.

रबर किट नवं. कपलिंगच्या नळकांड्यात मिठाचा आणि लाल मातीचा घट्ट थर होता, करकर त्याचीच होती. खरवडून, धुऊन ग्रीस. दांडी आणि पिस्टन यांच्यामध्ये किंचित फट आहे ना ते पाहिलं, नसती तर बारीक भोक कधी उघडलंच नसतं.

३ ऑगस्ट

बेअरिंग. आतलं एल ६८१४९, बाहेरचं एल ४४६४९, चारही हबला तीच जोडी. उजव्या पुढच्या हबमधलं ग्रीस वितळून बेअरिंग निळसर झालंय, ते बदललं. मागच्या डाव्या हबमधलं ग्रीस ताकासारखं पांढरं, म्हणजे सीलमधून पाणी आत. तेही बदललं. बाकीची धुऊन, उजेडात एकेक रोलर तपासून, पाण्यात न धुपणारं ग्रीस भरून परत.

१० ऑगस्ट

आज हवा काढली. काल दिवसभर पाऊस, परवा नारळी पौर्णिमा, दोन दिवस कुणी कामाला हात लावला नाही.

आधी तेलाबद्दल. ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात उघडी बाटली म्हणजे ओलीला आमंत्रण. डॉट ३ या दर्जाचं तेल नवं असताना २०५ अंशांना उकळतं. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की तीच मर्यादा १४० पर्यंत आली तरी ते प्रमाणात बसतं. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. २५ मेला आमचा हब बाहेरूनच १७८ होता आणि आत चिंचेच्या कोळासारखं जुनं तेल. सिलिंडरमध्ये वाफ झाली असणार, आणि वाफ दबते, दाब देत नाही. तारकर्लीच्या रस्त्याऐवजी फोंडा घाटात हे झालं असतं तर काय, हा विचार त्या दिवसापासून डोक्यातून गेलेला नाही.

सिलिकॉनचं डॉट ५ घाल, ते पाणी शोषत नाही, असं दोघांनी सुचवलं. शोषत नाही हे खरं. पण मग आत शिरलेलं पाणी सुटं राहतं आणि सगळ्यात खालच्या जागी, व्हील सिलिंडरमध्येच, जाऊन बसतं. शिवाय पुढे कुणी चुकून साधं तेल वर ओतलं तर दोन्ही मिसळत नाहीत. झाकणावर डॉट ३ लिहिलंय. त्यात डॉट ४ चालतं, दोन्ही ग्लायकॉलचीच, आणि मालवणात कधीही मिळतं. सीलबंद बाटल्या आणल्या, उघडली ती आजच संपवायची.

हवा काढण्याआधी शू जुळवले. दातेरी चाक फिरवत शू ड्रमला घासेपर्यंत आणायचे आणि मग दहाएक दात मागे. हे आधी केलं नाही तर सिलिंडरचे पिस्टन रिकामेच लांब पळतात आणि हवा राहिली असा भास होतो.

लांबच्या चाकापासून सुरुवात. नळी डाव्या बाजूनं येऊन आडवी उजवीकडे जाते, म्हणून आधी उजवं. निपलवर पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलेलं. भाचा पहारीवर. “रेट. धर.” निपल उघडायचा, बुडबुडे, बंद करायचा. “सोड, हळू.” टाकी भाऊ बघतोय, अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही. पहिल्या वेळी फेसच आला. वीसेक वेळा केल्यावर तेल साफ. डावं लवकर झालं.

तरी पहारीखाली ब्रेक लोण्यासारखा. कुठेतरी हवा होती. एक्सलच्या वरून नळीला मी जी कमान दिली आहे तिच्या डोक्यावर ती बसली होती. ट्रेलरचं तोंड जॅकनं हातभर वर उचललं आणि पहारीचे बारीक हेलकावे देत हातोडीच्या लाकडी दांड्यानं नळीवर टकटक करत चेसिसभर आलो. टाकीत एक मोठा बुडबुडा फुटला, मग चार लहान. पुन्हा दोन्ही चाकं. आता पहार दगडाला लागल्यासारखी थांबते.

सांडलेलं तेल लगेच पाण्यानं धुतलं. रंग खातं ते.

१७ ऑगस्ट

ड्रमच्या मागच्या पत्र्याला धुवायची नळी बसवली. बागेचा पाइप जोडला की ड्रमच्या आत गोडं पाणी फिरतं आणि खालून निघतं. देवबागेत आमच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ लागतं, त्यानं धुण्यात अर्थ नाही. उतारावर एक टाकी नळाच्या पाण्यानं भरून ठेवायची.

२४ ऑगस्ट

बोट ट्रेलरवर, पावसानं उघडीप दिली. नळकांड्यातून बाहेर आलेल्या भागावर ग्रीसचा पातळ हात मारला, म्हणजे कपलिंग किती आत जातं ते पुसलेल्या जागेवरून मोजता येतं.

कुंभारमाठहून मालवणकडे उतार. भाऊ बाइकवर मागे, ट्रेलरच्या चाकांवर नजर ठेवून. खाली उतरून थांबलो, गन धरली: पुढचं उजवं ६५, पुढचं डावं ६२, मागची दोन्ही ३९. कपलिंग २२ मिमी आत गेलं होतं. जॅक लावून दोन्ही पुढची चाकं फिरवली, दोन्ही हातानं फिरली. लायनर अजून बसायची आहेत, म्हणून तीन अंशांच्या फरकाची काळजी करत नाही. आणखी दोन फेऱ्या, तेच आकडे एखाद्या अंशाच्या फरकानं.

बुधवारी चतुर्थी. मुंबईहून चाकरमानी यायला लागलेत, रस्त्यावर गर्दी. पुढची फेरी गणपतीनंतर.

३ सप्टेंबर

एकादशी. तिथीची पाऊणपट ही भरतीची वेळ: अकरा पाऊण सव्वा आठ, म्हणजे सव्वाआठच्या सुमाराला भरती भरणार. साडेसातला देवबागेत पोचलो आणि हब गार होईपर्यंत अर्धा तास काठावर उभे राहिलो. ट्रॅक्टर घेऊन आलेला शेजारी घाई करत होता, त्याला चहा दिला. गनमध्ये चारही हब ३० च्या जवळ आल्यावरच ट्रेलर पाण्यात घातला. बोट तरंगली.

ट्रेलर वर घेतला, पाइप लावून प्रत्येक ड्रम पाच मिनिटं धुतला. पहिल्या मिनिटाला वाळू, मग गढूळ, मग स्वच्छ पाणी. ड्रम सुकावेत म्हणून ट्रेलर सावकाश वर नेला आणि वाटेत चार-पाच वेळा हलका ब्रेक लावला.

४ सप्टेंबर

सकाळी मांगरात जॅक लावला. उजवं फिरतं, डावं फिरतं, दोन्हीकडे शूची सारखी हलकी घासणी ऐकू येते. डाव्याचा निपल पाव आटा उघडून दोन थेंब पांढऱ्या फडक्यावर घेतले: फिकट पिवळे, गाळ नाही. टाकीच्या झाकणाशेजारी पांढऱ्या रंगानं लिहिलं: डॉट ४, १० ऑगस्ट. पुढचं तेल मेअखेर, बोट वर काढताना.